कोकणातल्या सभागृहाचं डक्टिंग: पत्रा, रबर आणि दवबिंदू

रत्नागिरीतल्या एका वाचनालयाच्या १२० खुर्च्यांच्या सभागृहाला वातानुकूलन करायचं, असं कार्यकारी मंडळात ठरलं तेव्हा चर्चा सगळी यंत्रांचीच झाली. किती टन, कोणती कंपनी, वॉरंटी किती. थंड हवा यंत्रापासून सभागृहात नेणाऱ्या पत्र्याच्या नळीबद्दल, म्हणजे डक्टबद्दल, कोणी काही विचारलं नाही. पहिल्या तिन्ही कोटेशनांत डक्टला एकच ओळ होती: 'जीआय डक्ट, इन्सुलेशनसह, प्रति चौरस मीटर'. जीआय म्हणजे जस्त चढवलेला पत्रा, इन्सुलेशन म्हणजे त्यावरचं उष्णतारोधक वेष्टन. तिघांच्या दरांत जवळजवळ दुपटीचा फरक होता, आणि तो कशामुळे आहे हे कागदावर कुठेच दिसत नव्हतं. काम नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालं आणि जून २०२४ मध्ये संपलं. किनारपट्टीवर कुणाला हेच करायचं असेल, तर त्या एका ओळीत काय काय दडलेलं असतं ते आधी कळावं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

नोव्हेंबरात उष्णताभार काढला. माणसं, दिवे, गच्चीचा स्लॅब आणि बाहेरून घ्यायची ताजी हवा धरून साडेआठ टनांची दोन डक्टेबल यंत्रं लागत होती. म्हणजे प्रत्येकी मिनिटाला सुमारे ३४०० घनफूट (सीएफएम) हवा. त्याच आठवड्यात सीलिंगच्या वरची जागा पाहिली आणि कामाचं खरं स्वरूप कळलं. इमारत जुनी, तुळयांखालच्या भिंतीत हवेसाठी सोडलेल्या जाळ्या. फॉल्स सीलिंग झाल्यावरही वरच्या पोकळीत बाहेरचीच दमट हवा खेळणार होती. जाळ्या बुजवण्याचा विचार झाला, पण स्लॅबची ओल बाहेर पडायला तीच वाट होती, त्यामुळे त्या ठेवल्या.

गणित सोपं आहे, आणि ते कोटेशन मागवण्याआधी करायचं. पोकळीत ३२ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रता धरली, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं तो, येतो २९.२ अंश. डक्टमधली हवा १३ अंशांची. इन्सुलेशनचा बाहेरचा पृष्ठभाग २९.२ च्या खाली गेला की त्यावर पाणी धरणार. म्हणजे हवा आणि पृष्ठभाग यांत तीन अंशांचाही फरक चालत नाही. काळ्या नायट्राइल रबरचा उष्णतावहनांक ०.०३६ धरून हिशेब केला, तर १९ मिमी जाडीला पृष्ठभाग २८.७ वर येतो, म्हणजे घाम येणार. २५ मिमीला २९.४, अगदी काठावर. ३२ मिमीला २९.९. आम्ही ३२ घेतलं. तिन्ही ठेकेदारांनी १९ मिमी धरलं होतं.

ऊर्जा संवर्धन इमारत संहितेची, म्हणजे ईसीबीसीची, २०१७ ची आवृत्ती वातानुकूलित नसलेल्या जागेतून जाणाऱ्या, थंड हवा पुरवणाऱ्या डक्टला ०.६ आर-मूल्य (उष्णता अडवण्याचं माप) मागते. आमच्यासारख्या कमी वीजभाराच्या इमारतीला ती संहिता लागू नव्हती, पण बरेच ठेकेदार तोच आकडा पुढे करतात. ०.६ म्हणजे या रबरची साडेएकवीस मिमी जाडी. पुण्यात ती बहुतेक दिवस पुरेल. कोकणात जूनमध्ये नाही, कारण तो आकडा विजेची बचत डोळ्यांसमोर ठेवून आला आहे. पाणी गळू नये हा प्रश्नच वेगळा आहे.

दुसरी गोष्ट चमकदार अॅल्युमिनियम फॉइलची. फॉइल लावलेलं इन्सुलेशन भारी दिसतं आणि दाखवायलाही बरं पडतं. पण चकचकीत पृष्ठभाग आजूबाजूची उष्णता कमी शोषतो, म्हणून तो काळ्या पृष्ठभागापेक्षा जास्त थंड राहतो. त्याच पोकळीत, त्याच हवेला, फॉइल असेल तर साधारण ३८ मिमी लागतात. सीलिंगच्या वर कोणी बघायला जाणार नाही, म्हणून आम्ही फॉइल घेतलंच नाही.

सभागृहातली हवा यंत्राकडे परत नेणाऱ्या डक्टला इन्सुलेशन नको, असं दोघांचं म्हणणं होतं. परतीची हवा २५ अंशांची असते आणि दवबिंदू २९.२. उघडा पत्रा सभागृहभर ठिबकला असता. १३ मिमी रबर तिथे पुरतं. तेवढंच लावलं.

पत्रा सोडून दुसरे पर्यायही मनापासून तपासले. पीआयआर या कडक फोमचे दोन्ही बाजूंना फॉइल असलेले तयार पॅनेल चौरस मीटरला दीड किलोच्या आसपास भरतात, पत्र्याच्या एक तृतीयांशाहून कमी. छताला भार सोसत नसेल तर तोच पर्याय घ्यावा. आमच्या स्लॅबला ती अडचण नव्हती. जुन्या इमारतीत उंदीर-घुशी होत्या, पॅनेलचे सांधे फॉइल टेपवर उभे राहतात, आणि ते नीट कापणारा कारागीर जवळपास नव्हता. कापडी डक्ट उघड्या छताच्या हॉलला उत्तम, धुताही येतो. आम्हाला सीलिंग हवंच होतं, त्यामुळे तो बाद झाला. ग्लासवूल स्वस्त आहे आणि जळत नाही, नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत मी तेच सुचवलं असतं. पण त्यावरच्या फॉइलला एक खिळा लागला, एक टेप सुटली, की बाष्प आत शिरतं आणि थंड पत्र्यापाशी पाणी होऊन बसतं. भिजलेलं ग्लासवूल वाळत नाही. नायट्राइलचे कप्पे बंद असतात, त्यामुळे एका जागी जखम झाली तरी ओल पसरत नाही. आगीच्या बाबतीत मात्र नायट्राइल ग्लासवूलच्या मागे आहे. म्हणून आग सहज न पसरण्याचं 'क्लास ओ' प्रमाणपत्र आणि त्यावरचा बॅच क्रमांक मालाशी जुळलाच पाहिजे, ही अट लिहून घेतली.

डिसेंबरात आकार ठरले, आणि इथे सर्वांत जास्त वेळ गेला. ३४०० सीएफएमला सुरुवातीचा डक्ट ६५० बाय ४०० मिमी ठीक होता. तुळईच्या खाली सीलिंगपर्यंत जागा ४५० मिमी. नकाशावर ४०० त्यात बसत होता. पण डक्टचे तुकडे जोडणारी चार बोल्टांची फ्लँज पत्र्याबाहेर सुमारे ३५ मिमी येते. तिच्यावर ३२ मिमी रबर. म्हणजे वर-खाली मिळून १३४ मिमी वाढले, ४०० चे ५३४ झाले. म्हणून डक्ट बसका केला: ८५० बाय ३००. फ्लँजवरच्या रबरसकट उंची ४३४. हवेचा वेग सेकंदाला ६.३ मीटर, सभागृहासाठी हाच वरचा टोकाचा समजायचा. रुंदी-उंचीचं प्रमाण चारास एकच्या आत राहिलं.

त्याचा परिणाम पत्र्याच्या जाडीवर झाला. आयएस ६५५ या भारतीय मानकाप्रमाणे डक्टची मोठी बाजू ७५० मिमीपर्यंत असेल तर २४ गेज म्हणजे ०.६३ मिमी पत्रा चालतो, ७५१ ते १५०० ला २२ गेज म्हणजे ०.८० मिमी. ८५० चा तुकडा २२ गेजमध्ये गेला. पुढे फांद्या फुटल्यावर डक्ट ६०० बाय ३०० झाला, तिथून २४ गेज. कोटेशनमध्ये सरसकट '२४ गेज' लिहिलेलं असेल आणि डक्ट बसका असेल, तर सुरुवातीचा रुंद पत्रा यंत्र सुरू-बंद होताना धडधडतो. व्याख्यान चालू असताना तो आवाज थेट श्रोत्यांच्या डोक्यावर येतो. यंत्रापासूनच्या पहिल्या तीन मीटरांना आतून उघड्या कप्प्यांचं ध्वनिशोषक रबर घेतलं. अस्तर २५ मिमी असेल तर डक्ट रुंदी आणि उंची दोन्हींत ५० मिमी मोठा करावा लागतो, हे नकाशावर वेगळं लिहा, नाहीतर हवेची वाट तेवढी अरुंद होते.

जस्ताच्या थराबद्दल मंडळातल्या मंडळींना पटवायला थोडं बोलावं लागलं. आयएस २७७ चा १२० ग्रॅमचा पत्रा म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त, एका बाजूला साधारण ८ मायक्रॉन. २७५ ग्रॅमचा असेल तर १९ मायक्रॉन. समुद्र जवळ, पोकळीत जाळ्यांतून खारा वारा. दरातला फरक चौरस मीटरला शंभर रुपयांच्या आत होता. इथे काटकसर करू नये.

मग सगळ्यांना एकच तक्ता पाठवून कोटेशनं पुन्हा मागवली. तक्त्यात गेज मिलिमीटरमध्ये, जस्त ग्रॅममध्ये, फ्लँजचा प्रकार, रबरची जाडी पुरवठ्याला आणि परतीला वेगळी, आणि मोजमापाची पद्धत. मोजमापाचं विसरू नका. ८५० बाय ३०० डक्टचा घेर २.३ मीटर, पण ३२ मिमी रबर चढल्यावर बाहेरून २.५६. इन्सुलेशनचं बिल कोणत्या घेरावर हे आधी ठरलं नसेल, तर अकरा टक्के तिथेच वाढतात. आम्ही 'उघड्या पत्र्याच्या मापावर, दोघांनी सही केलेल्या मापवहीप्रमाणे' असं लिहिलं. दर असे ठरले: २४ गेज १२८० रुपये, २२ गेज १४८०, ३२ मिमी नायट्राइल १०५०, १३ मिमी ५६०, सगळे प्रति चौरस मीटर, बसवण्यासह. डक्ट एकूण सुमारे १०० चौरस मीटर. १८ टक्के जीएसटी धरून डक्ट आणि इन्सुलेशनचे साधारण २ लाख ६६ हजार झाले. गच्चीवरचा भाग आणि ध्वनिशोषक अस्तर वेगळं. दहा टक्के रक्कम पहिला पाऊस होईपर्यंत राखून ठेवायची अट होती, आणि तिच्यावरच सर्वांत जास्त घासाघीस झाली.

याच महिन्यात महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज दिला. दोन यंत्रांचा मिळून २२ किलोवॅटच्या वर भार येत होता. अर्ज, इमारतीच्या मालकीचा कागद, मंडळाचा ठराव, परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल आणि डिमांड नोट, म्हणजे महावितरणने मागितलेली रक्कम, भरल्याची पावती, अशी फाइल लागते. हे डक्टच्या कामाबरोबरच सुरू करा, शेवटी ठेवू नका.

फेब्रुवारीत माल आला. कारखान्यात वाकवलेले इंग्रजी एलच्या आकाराचे अर्धे तुकडे एकात एक बसवून ट्रकमध्ये येतात. पूर्ण चौकोनी डक्ट आणला तर गाडीभाडं हवा वाहून नेण्यातच जातं. उतरवताना प्रत्येक गठ्ठ्यातला एक पत्रा मायक्रोमीटरने मोजला. मायक्रोमीटर नसेल तर वजनकाटा पुरतो: आठ बाय चार फुटांचा ०.६३ मिमीचा पत्रा साधारण १५ किलो भरतो, ०.५० चा १२ च्या आसपास. रुंद डक्टचे काही तुकडे ०.८० ऐवजी ०.६३ चे निघाले. ते पुरवठादाराने बदलून दिले, पण मधे तीन आठवडे काम थांबलं आणि सीलिंगवाल्याच्या तारखा हुकल्या. त्या दिवसांत मंडळाला उत्तरं देणं जड गेलं, कारण बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही पत्रे सारखेच दिसतात. आलेला माल जमिनीवर थेट ठेवू नका आणि ओला झाकू नका. दोन पत्र्यांच्या मधे पाणी अडकलं की पांढरा गंज धरतो, आणि जस्त काम सुरू होण्याआधीच संपायला लागतं.

उभारणीत दर दोन मीटरला थ्रेडेड रॉड आणि खाली अँगल. अँगल थेट पत्र्याला टेकू द्यायचा नाही. रबर सलग ठेवून अँगलच्या जागी तेवढ्याच जाडीचा कडक फोमचा ठोकळा द्यायचा. नाहीतर डक्टच्या वजनाने रबर दबून अर्धं होतं आणि नेमकं तिथूनच पाणी येतं. फ्लँजच्या मधे गॅस्केट, चारही कोपऱ्यांत सीलंट. कापलेल्या कडांना जस्ताचा रंग.

इन्सुलेशनआधी गळतीची तपासणी झालीच पाहिजे. एवढ्या कामाला प्रकाशाची चाचणी पुरते: रात्री सभागृहाचे दिवे घालवायचे, डक्टमध्ये प्रखर दिवा लांब वायरने सरकवायचा आणि बाहेरून प्रत्येक सांधा पाहायचा. कोपऱ्यांत बारीक बारीक ठिपके दिसतात. खडूने खूण करून तिथे सीलंट भरायचं. रबर चढल्यावर हे काहीच दिसत नाही, आणि गळणारी थंड हवा रबर आतून थंड करत राहते.

मार्चमध्ये रबर चढवायला सुरुवात झाली आणि मधे शिमगा आला. कारागीर गावी जाणार हे आधीच धरलं होतं. कोकणात काम असेल तर वेळापत्रकात ते दिवस रिकामेच ठेवावेत.

पत्र्यावर कारखान्यातलं तेल असतं. ते थिनरच्या फडक्याने पुसून कोरडं केल्याशिवाय गोंद लावायचा नाही. गोंद पत्र्याला आणि रबरला दोन्हींना, आणि बोट लावल्यावर बोटाला न येईल इतका सुकल्यावरच चिकटवायचं. ओला असताना दाबलं तर आतला द्रावक बाहेर पडायला वाट राहत नाही, फुगे येतात आणि काही महिन्यांत शीट सुटते. तुकडा चार-पाच मिमी जास्त लांब कापून सांध्यात दाबून बसवायचा, कधीही ताणून नाही. ताणलेलं रबर मागे सरकतं आणि सांधा उघडतो. गोंद लावत असताना त्या मजल्यावर वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग अजिबात नको.

आता फ्लँज. ३२ मिमी रबर डक्टभर नीट चिकटलेलं होतं, आणि दर सव्वा मीटरला पत्र्याची उघडी कड तीन मिमी वर डोकावत होती. मिस्त्री म्हणाले, "साहेब, एवढ्याशा पट्टीने काय होणार? वरून टेप मारतो." ती कड आतल्या १३ अंशांच्या हवेशी सलग धातूने जोडलेली असते. टेपची जाडी तीन मिमी. हिशेब करून दाखवला, मग ते स्वतःच कामाला लागले. फ्लँजच्या दोन्ही अंगांना रबरच्या पट्ट्या लावून खाच भरली, आणि वरून शंभर मिमी रुंदीची ३२ मिमीची पट्टी गळपट्ट्यासारखी चारही बाजूंनी फिरवली. कोपऱ्यांवर सांधा येऊ दिला नाही. वेळखाऊ काम आहे, एका फ्लँजला अर्धा तास सहज जातो. याचा दर कोटेशनमध्ये वेगळा मागा, म्हणजे कारागिराला ते फुकटचं ओझं वाटणार नाही. कोकणातला डक्ट ठिबकतो तो बहुतेक इथूनच.

मागच्या अर्ध्या भागाचा डक्ट सहा मीटर गच्चीवरून न्यावा लागला, आतून तुळया आडव्या येत होत्या. शक्य असेल तर हे टाळा. उघड्यावर ईसीबीसी १.४ आर-मूल्य सांगते, म्हणून २५ मिमीचे दोन थर, सांधे एकावर एक न येऊ देता. नायट्राइल उन्हात तडकतं, त्यामुळे वरून अर्धा मिमी अॅल्युमिनियमचं कवच. कवचाच्या वरच्या बाजूला थोडा उतार, सगळे ओव्हरलॅप खालच्या दिशेला, आणि वरच्या पृष्ठभागावर एकही स्क्रू नाही.

जिन्याच्या भिंतीतून डक्ट जातो तिथे ७२ अंशांना वितळणाऱ्या फ्यूजचा अग्निरोधक डँपर, म्हणजे आग लागल्यास डक्ट बंद करणारी झडप, बसवला. भिंतीच्या जाडीत रबरऐवजी रॉकवूल भरलं, आणि डँपर उघडून पाहता येईल असं दार डक्टलाही ठेवलं, सीलिंगलाही. ते सीलिंगचं दार नकाशात नव्हतं. एप्रिलमध्ये सीलिंगवाल्याकडून ते मागून घेतलं. यंत्र आणि डक्ट यांना जोडणारं कॅनव्हास आणि डिफ्यूझरची, म्हणजे सीलिंगमधल्या हवेच्या जाळीची, पाठ या दोन जागा कोणाच्याच यादीत नसतात. दोन्हींवर रबर लागतं. लवचिक डक्ट दीड मीटरपेक्षा लांब दिला नाही, आणि तोही ताणून बसवला.

मे महिन्यात वाढीव भार मिळाला. अॅनिमोमीटरने प्रत्येक डिफ्यूझरच्या हवेचा वेग मोजून हवा कमी-जास्त करणारे डँपर जुळवले आणि त्यांच्या दांड्यांवर रंगाने खुणा केल्या.

खरी तपासणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झाली, पाऊस लागून राहिलेला असताना. यंत्रं सकाळी सुरू करून सहा तास सलग चालवली आणि सीलिंगच्या दारांतून वर पाहिलं. पोकळीत ३०.५ अंश, ८४ टक्के आर्द्रता, म्हणजे दवबिंदू साडेसत्तावीस. रबरचा पृष्ठभाग २८.६. काळ्या रबरवर इन्फ्रारेड थर्मामीटर बरोबर वाचतो. गच्चीवरच्या चकचकीत कवचावर त्याचा भरवसा धरू नका, तिथे चिकटवायचा सेन्सर हवा. फ्लँजवरचे गळपट्टे हाताला कोरडे लागले, तेव्हा जीव भांड्यात पडला. फक्त दोन डँपरांच्या दांड्यांच्या टोकाला थेंब दिसले. दांडी धातूची, आतून थेट बाहेर आलेली. तिच्यावर रबरची टोपी करून बसवली, फक्त मूठ फिरवायला मोकळी ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच तास यंत्रं चालवली, दांड्या कोरड्या राहिल्या. मापवहीवर शेवटच्या सह्या झाल्या आणि जुलैमध्ये राखलेले दहा टक्के ठेकेदाराला चुकते केले.